केळ्यानं फुप्फुस सडत नाही

माझ्या नणंदेचा नातू चार वर्षांचा. २०२३ च्या डिसेंबरात तो एकोणतीस दिवस दवाखान्यात होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीनं त्याच्या आईला काही ना काही विचारलं. "रात्री केळं दिलीस काय गं?" "दही खाल्लं असंल." "डोक्यावरनं न्हाऊ घातलीस?" "अंगात स्वेटर नव्हता वाटतं." बापाला कुणी काही विचारलं नाही. आणि पोराचा श्वास मिनिटाला किती चालला होता, हे तर कुणीच विचारलं नाही.

आधी माझाच गुन्हा कबूल करते. केळ्याचा पहिला प्रश्न माझा होता. ती पोर बिचारी खाली मान घालून "नाही हो मामी" म्हणाली, आणि मी तरीही मान हलवली. ते हलवणं मला अजून बोचतं. म्हणून हे लिहिते आहे.

घडलं ते असं. पोराला सर्दी झाली, ताप आला. घरात ओव्याची पुरचुंडी झाली, छातीला निलगिरी झाली, दृष्ट काढून झाली. तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडनं एक बाटली आणली. ताप जरा उतरला, बाटली कपाटात गेली. दोन दिवसांनी ताप परत चढला. आई म्हणत होती, "याची धाप बघा, बरं दिसत नाही." घरातली मोठी माणसं म्हणाली, "नवीन आयांना सगळंच मोठं वाटतं." सहाव्या दिवशी नाकपुड्या फुलायला लागल्या, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तेव्हा गाडी निघाली.

न्यूमोनिया म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडं त्यालाच 'डबा' म्हणतात. पण हा त्याच्या पुढचा प्रकार होता, नेक्रोटायझिंग न्यूमोनिया. डॉक्टरांनी सीटी स्कॅन दाखवून समजावलं. जंतूंच्या माऱ्यानं फुप्फुसाच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो, विरघळतो आणि तिथं पोकळ्या पडतात. भोवती पू साठतो. बहुतेक वेळा न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू यामागं असतात. फ्लू किंवा कांजिण्या होऊन गेल्यावर त्यांना वाट सोपी होते. आणि बायांनो, हा आजार बहुतेक करून आधी ठणठणीत असलेल्या पोरांनाच होतो. त्यात केळं कुठं आलं? दही कुठं आलं?

मी डॉक्टरांना विचारलं, "उशिरामुळं झालं का हो?" ते म्हणाले, "तसं मी म्हणणार नाही. वेळेवर औषध मिळूनही काही मुलांना होतं. पण उशिरामुळं जीवाचा धोका वाढला, हे खरं." म्हणजे आजार आईनं आणला नव्हता. उशीर मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून केला होता, आणि त्यात एकटी आईच घाई करत होती.

कुणी म्हणेल, आमच्या वेळी पोरं पुरचुंडीनंच बरी व्हायची. व्हायची ती सर्दीची. जी गेली त्यांचं काय? माझ्या आज्जीची दोन पोरं 'डब्यानं गेली'. एवढ्या दोन शब्दांत ती संपली, त्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नाहीत. जगलेल्यांच्या जोरावर औषध ठरवायचं आणि गेलेल्यांना मोजायचंच नाही, हा कुठला हिशेब?

मोजायचंच असेल तर श्वास मोजा. पोर शांत असताना घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोटाकडं बघा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, पोर पाणीसुद्धा पीत नसेल, तर त्याच घटकेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आकडे न येणाऱ्या दायांनासुद्धा मण्यांच्या साधनावर श्वास मोजायला शिकवलं. आपण तर पदव्या घेतलेल्या बायका! पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, धान्य निवडल्याशिवाय दळत नाही, सूक्ष्म जीवालाही जपतो म्हणतो. मग मांडीवरल्या जीवाचा श्वास एक मिनिट मोजायला काय झालं?

दुसरी गोष्ट. औषध सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नसेल, तर "औषधाला वेळ लागतो" म्हणून घरी बसू नका, परत जा. आणि ताप उतरला म्हणून बाटली कपाटात ठेवू नका. कोर्स कधी संपवायचा हे डॉक्टर ठरवतील, सासूबाई नाहीत.

तिसरी गोष्ट लशीची. न्यूमोकॉकसची लस सरकारी यादीत २०१७ साली काही राज्यांत आली आणि २०२१ पासून देशभर फुकट मिळते, दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात. आमचं पोर त्याच्या आधीचं. तेव्हा ती खासगीत विकत घ्यावी लागायची, आणि घरात "महाग आहे, बघू" असं ठरलं. त्याच घरात बारशाला हॉल घेतला होता. जेवायला मीही होते.

छातीत नळी घालायची म्हटल्यावर निम्मं घर "नको" म्हणून रडायला लागलं. सही आईनं केली. नळीतून पू आला, बाटलीत कितीतरी दिवस हवेचे बुडबुडे येत राहिले. शिरेतून औषधं चालूच होती. पोर वाचलं. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला तर तो जवळजवळ स्वच्छ. लहान पोरांचं फुप्फुस असं भरून येतं.

आईचं मन मात्र भरून आलेलं नाही. परवा बस्तीत भेटली. पोर पायरीवर केळं खात होतं. मला बघून तिनं पटकन त्याच्या हातातलं केळं काढून घेतलं.

मी ते सोलून परत त्याच्या हातात दिलं, आणि तिला म्हटलं, "चुकलं गं माझं."