अफवेला गल्लीतच गाठा

१९७० आणि १९८४ च्या दंगली भिवंडीने भोगल्या तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता. अफवांना त्याची गरजही पडली नाही. पुढे १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना नव्हे, तर गल्लीतल्या साध्या हिंदू-मुसलमानांना त्या भागातल्या पोलिसासोबत एकत्र बसवलं. ‘तिकडे अमुक झालं’ असं कानावर आलं, तर ‘तिकडच्या’ ओळखीच्या माणसाला विचारायची सोय झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली होती, पण भिवंडी शांत राहिली.

आज मला त्या कमिट्यांची फार आठवण येते.

२०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मूळ चित्रफीत कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीची. शेवटी मोटरसायकलवाला मूल परत आणून सोडतो, तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याच रात्री मालेगावात, आपल्यासारख्याच यंत्रमागांच्या गावात, एका कुटुंबावर जमाव धावून गेला. तिथल्याच एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, नंतर पोलीस पोचले आणि सगळे वाचले. राईनपाडा आणि मालेगाव यांत मला फरक दिसतो तो त्या उघडलेल्या दाराचा.

फसव्या वेबसाइटचंही अफवेसारखंच: खात्री करण्याआधीच माणूस घाईने पाऊल उचलतो. ‘पत्ता अपूर्ण, पार्सल अडकलंय, लिंक उघडा’ असे संदेश टपाल खात्याच्या नावाने येतात. गोदामांच्या या गावात पार्सलाची वाट कोण पाहत नाही? लिंक उघडण्याआधी पत्ता नीट वाचावा. ‘एचटीटीपीएस’च्या दोन तिरप्या रेघा सोडल्या की पुढची जी रेघ येते, तिच्या लगेच आधी टपाल खात्याच्या साइटवर ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असतं. शेजारी कुलपाचं चिन्ह दिसलंच, तर ते एवढंच सांगतं की मधल्या वाटेत तुमची माहिती कुणी वाचणार नाही. समोर चोर बसलाय की साव, हे ते सांगत नाही. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा.

पण रात्रपाळीला मागावर उभ्या असलेल्या कामगाराला हे कोण समजावणार? या गावात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलली जाते. अफवा यातल्या कुठल्याही भाषेत येते. खुलासाही त्याच भाषेत आणि ओळखीच्या आवाजात यायला हवा. म्हणून माझी पोलीस ठाण्यांकडे आणि महापालिकेकडे कळकळीची मागणी आहे: मोहल्ला कमिट्या पुन्हा बसवा. त्यांत प्रत्येक गल्लीच्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन घ्या, मोबाइल दुरुस्तीवाला घ्या, कॉलेजातल्या मुली घ्या. आणि रात्री दोन वाजताही ‘हे खरं आहे का?’ विचारलं तर उत्तर देईल अशा एका पोलिसाचं नाव आणि नंबर प्रत्येक कारखान्याच्या दारावर लावा.