बॅगेतलं आणि फायलीतलं

मुलीचं लग्न होऊन अमेरिकेला जायचं ठरलं की आपल्याकडे महिनाभर घरात दुसरा विषय नसतो. मेतकूट कोणी करायचं, भाजणी कुठल्या गिरणीतून दळून आणायची, कुकर इथूनच न्यावा की तिकडे मिळतो. विमानात २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणून शेजारून वजनकाटा येतो आणि पापडाचा डबा तीनदा आत जातो, तीनदा बाहेर येतो. आईचा जीव त्या डब्यात असतो, हे मला कळतं. पण त्याच मुलीला विचारावं, "तुझा व्हिसा कुठला गं?" तर उत्तर येतं, "ते सगळं हेच बघतायत."

मैत्रिणींनो, इथेच मला काळजी वाटते.

नवरा बहुधा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतो. बायकोला मिळतो तो एच-४, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेलीचा. त्यावर तिकडे राहता येतं, शिकता येतं, पण पगाराची नोकरी करता येत नाही. २०१५ पासून थोडी वाट निघाली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल, तर बायकोला कामाचा परवाना मागता येतो. तो टप्पा यायलाच काही वर्षं जाऊ शकतात. प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचं तर विचारूच नका. कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातला सातच टक्के वाटा, त्यामुळे भारतीयांची रांग हलता हलत नाही. म्हणजे इथे बँकेत नाहीतर शाळेत कमावणारी मुलगी तिकडे उतरल्या दिवसापासून भाजीच्या पैशांसाठीही नवऱ्याच्या तोंडाकडे बघणार. नवरे बहुतेक चांगलेच असतात. पण त्याची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि तेच साठ दिवस तिचेही. घटस्फोट झाला तर तिचा व्हिसाच उरत नाही. हे लग्नाआधी मुलीला कोणी सांगतं का?

त्यात २०२५ साल तर फारच उलथापालथीचं गेलं. सप्टेंबरात अध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केलं, त्या वेळच्या दराने साधारण ८८ लाख रुपये. सुटीवर आलेली मुलं बायकापोरांना इथेच ठेवून मिळेल त्या विमानाने परत पळाली, मग खुलासा आला की आधीपासून व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. ऑक्टोबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एच-४ वरच्या बायकांच्या परवान्याविरुद्धची याचिका ऐकायला नकार दिला, तेव्हा परवाना टिकला म्हणून हुश्श केलं. पण त्याच महिन्यात दुसरीकडून चाप लागला. नूतनीकरणाचा अर्ज दिला की जुना परवाना आपोआप लांबायचा, ती सोय नव्या अर्जांसाठी काढून टाकली. मुदतीत निकाल नाही आला तर नोकरी थांबवून घरी बसा. डिसेंबरात आणखी एक. एच-१बी आणि एच-४ मागणाऱ्यांनी फेसबुक-इन्स्टाग्रामची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची, ती तपासली जाणार. (आम्ही इतकी वर्षं मुलींना फोटो लॉक करा म्हणून सांगत आलो!) भारतातल्या मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या आणि घरच्या कार्याला आलेली कितीतरी कुटुंबं इथेच अडकली.

अमेरिकेचे नियम आपण बदलू शकत नाही. पण आपल्या हातातलं तरी आपण नीट करतो का? नावाचंच घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर हौसेने लगेच सासरचं. पॅनकार्ड माहेरचं. आणि लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं नाव भलतंच, माहेरची सुनीता सासरी सानिका. आमच्या मंडळाकडे आलेल्या एका मुलीच्या चार कागदांवर चार नावं होती. प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न, "ह्या चौघी कोण?" राजपत्रात नाव छापून आणा, मग आधार, मग पॅन, मग पासपोर्ट. नवरा पुढे गेला आणि ही पाच महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिली.

खरं म्हणजे लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं असा नियम नाही. माहेरचं नाव तसंच ठेवून पती म्हणून त्याचं नाव नोंदवता येतं. मी हे सांगितलं की सासूबाईंचा चेहरा पडतो. पडू दे. पदवी, पासपोर्ट, बँक सगळीकडे एकच नाव असलेल्या मुलीचे हेलपाटे वाचतात. विवाह नोंदणी मात्र लग्नाच्या आठवड्यातच उरकावी. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत ती होते. व्हिसाला तो दाखला लागतोच, आणि पुढे काही वाकडं झालं तर पहिला पुरावाही तोच.

एच-४ वर शिकता येतं म्हटलं ना, म्हणून विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट इथे असतानाच काढून घ्याव्यात. तिकडून धाकट्या भावाला विद्यापीठात पळवणं त्याच्या जिवावर येतं. परदेशी राहायला गेलं की इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. ते तिच्या एकटीच्या नावावर असू द्या आणि त्यात चार पैसे ठेवा. दागिन्यांचं लॉकर कोणाच्या नावावर आहे, हेही एकदा विचारा.

बैठकीत मानपान, आहेर, जेवणाची पंगत यांच्या याद्या होतात. पत्रिकेतले गुण मोजून होतात. मुलाचा व्हिसा कुठला, किती वर्षं उरली, पगाराची चिठ्ठी बघायला मिळेल का, हे विचारायला मात्र मुलीच्या वडिलांची जीभ रेटत नाही. स्थळ हातचं जाईल ही भीती. परदेशस्थ नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून वेगळा कक्ष आहे, तो काही उगीच उघडलेला नाही. अनिवासी भारतीयाने लग्नाची नोंद तीस दिवसांत करावी असं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. त्यावर पाच वर्षं उलटली आणि २०२४ मध्ये विधी आयोगाला पुन्हा, या लग्नांसाठी सर्वंकष कायदा करा, अशी शिफारस करावी लागली. सरकारचं काम सरकारच्या चालीने चालतं. मुलगी तर पुढच्या महिन्यात निघालेली असते.

तर निघताना पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला यांची एक प्रत आईच्या कपाटात ठेवा. जिथे जाणार तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन मुलीच्या वहीत लिहा, मोबाइल हरवतो. तिकडे महाराष्ट्र मंडळं आहेतच, पण अडचणीत आलेल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत १९८५ साली 'मानवी' ही संस्था सुरू झाली, तिचंही नाव माहीत असू द्या. आणि मूळ कागदांची फाईल मोठ्या बॅगेत घालू नका. ती आणि पासपोर्ट मुलीच्या स्वतःच्या पर्समध्ये. नवऱ्याच्याही नाही.