दवंडी आणि ओटा

सण कोणताही असो, तो उजाडला की नाशिक जिल्ह्यातील देवळ्यासारख्या गावात हातोहाती असलेल्या फोनांवर शुभेच्छापत्रांचा पाऊस पडू लागतो. त्यांतील कित्येकांवर एखाद्या दुकानाचे ठळक नाव असते, मालकाचे हात जोडलेले छायाचित्र असते आणि कोपऱ्यात जेमतेम वाचता येईल असा दूरध्वनी क्रमांक असतो. दुकानात काय मिळते, काय भावाने मिळते आणि ते कोणत्या वेळी उघडे असते, याचा मात्र कोठे मागमूस नसतो. या प्रकारास 'सोशल मीडिया मार्केटिंग' असे भारदस्त नाव मिळाले आहे, आणि तो करून देणारे लोक त्याबद्दल दरमहा दाम मोजून घेतात. आमच्या मते ही जाहिरात नव्हे. ही केवळ दवंडी आहे. आणि तीही अशी की, जिच्यात पिटण्यासारखे काही नाही.

दवंडी पूर्वी सरकार पिटवीत असे. तिच्या मागे हुकमाचे बळ असल्यामुळे लोक ती निमूटपणे ऐकत. दुकानदाराच्या पदरी हुकूम नसतो. त्याच्यापाशी असते ती पत. ही पत दुकानाच्या ओट्यावर तयार होते. तेथे गिऱ्हाईक टेकते, भाव विचारते, घासाघीस करते, मागच्या खेपेस माल हलका निघाला म्हणून तोंडावर सुनावते आणि तरीही पुढच्या बाजाराला पुन्हा येते. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब या साधनांचे खरे मोल एवढ्यासाठी आहे की, देवळ्याच्या पेठेतला हा ओटा त्यांच्या योगे भावडबारी घाटाच्या पलीकडे, नाशिकला, मुंबईला नेता येतो. ओटा सोडून ज्याने केवळ नगारा उचलला, त्याने साधन घेतले आणि त्याचा उपयोग टाकून दिला, असेच म्हटले पाहिजे.

हा प्रश्न आम्ही पहिल्या पानावर घेतो याचे काहींना नवल वाटेल. परंतु कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून ज्याला 'कसमादे' म्हणतात, त्या पट्ट्याची स्थिती ध्यानी घेतली म्हणजे हे नवल उरणार नाही. देवळा १९९९ साली स्वतंत्र तालुका झाला. या तालुक्याचे जीवित कांद्याशी बांधलेले आहे. आणि कांदा हा बिननावाचा माल आहे. उमराण्याच्या बाजार समितीत लिलाव होऊन तो व्यापाऱ्याच्या खळ्यावर पडला की तो कोणाच्या मळ्यातला, कोणी किती निगुतीने चाळीत सांभाळलेला, याला काडीचा अर्थ राहत नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून दिल्लीने निर्यातबंदी लागू केली आणि भाव कोसळले. ती बंदी मे २०२४ पर्यंत उठली नाही. बिननावाच्या मालाचे नशीब दुसऱ्याच्या लेखणीत असते ते असे. ज्या मालाला करणाऱ्याचे नाव लागू शकते, मग तो खान्देशी काळा मसाला असो, कुरडई-पापड असोत, डाळिंबाची रोपे असोत की शिवणकाम असो, त्या मालाचा धंदा या तालुक्यात उभा राहणे म्हणजे एका कुटुंबास लिलावाबाहेर श्वास घ्यायला जागा मिळणे होय. तो धंदा गिऱ्हाइकापर्यंत कसा पोचतो, हा क्षुल्लक प्रश्न नाही.

त्याचे उत्तर शोधण्यास दूर जायला नको. कांद्याचे बाजारभाव व्हॉट्सॲपवर घरोघर येतात. शुभेच्छापत्र न पाहता पुसून टाकणारा शेतकरी तो भाव मात्र आवर्जून वाचतो, कारण त्यात त्याच्या उपयोगाची, त्याच दिवसाची आणि पडताळून पाहता येणारी माहिती असते. फोनवरील प्रसिद्धीची जी पाठ्यपुस्तके निघाली आहेत, त्यांतील बहुतेक शहाणपण एवढ्यात येऊन जाते. आज कोणता मसाला कांडला, त्यात मिरची कोणती, अर्ध्या किलोचा दर काय, पार्सल कोणत्या दिवशी निघेल, हे जो सांगेल त्याचे लोक वाचतील. जो आपलेच छायाचित्र पाठवील त्याला नमस्कार मिळतील, आणि नमस्कार गल्ल्यात पडत नाहीत.

आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. लोखंडी नांगराने जमीन नासते असा समज असलेल्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर विकावे लागले. त्यांच्या कारखान्याने १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढली तो हेतू मालाच्या प्रसाराचाच होता. परंतु संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनी ते पत्र केवळ मालाच्या स्तुतीने भरले नाही. वाचकाला हवे ते त्यात दिले, आणि १९२९ पासून त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. प्रसिद्धीचे पत्रक लोक पैसे देऊन वाचू लागले! आजच्या फोनवाल्या पिढीला याहून मोठा धडा कोणी द्यावा?

अगदी अलीकडचे उदाहरण शेजारच्या जिल्ह्यातले आहे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे या सत्तरीतल्या आजींची 'आपली आजी' ही यूट्यूब वाहिनी २०२० साली महाराष्ट्रभर पसरली. नातवाने चित्रीकरण केले आणि आजींनी आपल्या बोलीत, चुलीपुढे बसून, कारल्यापासून पावभाजीपर्यंत रांधून दाखवले. मसाले विक्रीस आले ते मागाहून. आधी शिकवणे आणि मग विकणे, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. बोलीचेही तसेच आहे. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोट्यवधी श्रोते मिळतात, आणि त्याच अहिराणीच्या मुलखातला दुकानदार आपल्या पापडावर 'बेस्ट क्वालिटी' असे छापतो. आजीने ज्या शब्दाने कुरडई मागितली असती तो शब्द लिहिण्याची त्याला लाज का वाटावी, हे आम्हांस उमगत नाही.

तथापि या साधनांविषयी आंधळा उत्साह आम्हांस मान्य नाही. हा ओटा भाड्याच्या जागेवर आहे आणि भाडेपट्टा कागदावर नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉक बंद केले, तेव्हा खेड्यापाड्यातील शेकडो हौशी कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर ठप्प होते. ज्या आजींचे उदाहरण आम्ही दिले, त्यांचीही वाहिनी २०२० च्या ऑक्टोबरात कोणी चोरट्याने बळकावली होती. ती काही दिवसांनी परत मिळाली हे सुदैव. शिवाय २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने धंद्यांच्या मजकुरापेक्षा आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रक्रम देण्याचे जाहीर केले, तेव्हापासून पैसे भरल्यावाचून आपलाच मजकूर आपल्याच अनुयायांतील थोड्यांना दिसतो. म्हणून गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि त्याने काय घेतले याची नोंद त्याच्या संमतीने घरच्या वहीत ठेवावी. आमच्या वाडवडिलांची रोजकीर्द कोणाच्या मर्जीने बंद पडत नसे.

याच वहीच्या अभावी २०२० च्या टाळेबंदीतील संधी पुष्कळांच्या हातून गेली. तेव्हा बाजार बंद असताना महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी व्हॉट्सॲपवर मागण्या घेऊन द्राक्षे आणि भाजीपाला थेट शहरांतील गृहसंकुलांत नेऊन पोचवला. रस्ते मोकळे झाले, आणि ज्यांनी गिऱ्हाइकाशी पुन्हा बोलण्याची तजवीज केली नव्हती त्यांचे गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या हातगाडीकडे परत गेले. त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही.

दुसरा धोका अधिक घातक आहे, तो खोटेपणाचा. पैसे टाकून अनुयायी विकत मिळतात, खोटे अभिप्राय मिळतात, आणि कोणाही हॉटेलचे कौतुक करणारे रीलवालेही मिळतात. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये अशा मोबदल्याची स्पष्ट कबुली देण्याचे नियम घालून दिले आहेत. ते पाळले जात नाहीत हे उघड आहे. मुंबईचा व्यापारी खोट्याने एक गिऱ्हाईक गमावतो आणि दुसरे मिळवतो. देवळ्याचा दुकानदार एका लबाडीत आख्खी भाऊबंदकी गमावील. कोणी जाहीरपणे तक्रार लिहिली, तर ती पुसून टाकण्याऐवजी तिच्याखालीच उत्तर द्यावे आणि माल बदलून द्यावा. ओट्यावर चारचौघांत आपण हेच करीत होतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहानशा घरगुती उद्योगानेही सरकारी अन्नसुरक्षा नोंदणी करून तिचा क्रमांक वेष्टणावर छापला पाहिजे. हा कायदा तर आहेच, पण परक्या गावच्या गिऱ्हाइकाला ओळख पटण्याचा तो पहिला पुरावाही आहे.

हे सारे एकेकट्या दुकानदारावर सोपवून चालणार नाही. तालुक्याला रेल्वे नाही. पार्सल एसटीने, टपालाने वा खाजगी कुरिअरने जाते, आणि ते वेळेवर गेले नाही तर फोनवरची सारी गोडी फुकट आहे. शुभेच्छांचे फलक उभारण्यात जेवढा पैसा खर्च होतो, त्याचा अल्पसा अंश जरी नगरपंचायतीने आणि व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन खर्च केला, तरी महाविद्यालयातील मुलांकडून पेठेतील प्रत्येक दुकान गूगलच्या नकाशावर नोंदवून घेता येईल. ती नोंदणी विनामूल्य आहे. लागतात ते थोडे श्रम, खऱ्या वेळा आणि चालू क्रमांक. चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले खान्देशातील यात्रेकरू याच मार्गाने जातात. त्यांच्या फोनवर वाटेतील खानावळ, चप्पल शिवणारा आणि औषधाचे दुकान दिसू लागावे, एवढे काम येत्या चैत्रापूर्वी होण्यासारखे आहे.