बोगद्यातली धूळ कोणाच्या छातीत?

१२ नोव्हेंबर २०२३. दिवाळीच्या पहाटे उत्तराखंडातला सिलक्यारा बोगदा ढासळला आणि ४१ कामगार आत अडकले. त्यात सर्वाधिक झारखंडचे. १७ दिवस चॅनेलवाले तिथे तळ ठोकून होते. शेवटी मोठं यंत्र अडलं आणि हाताने खणणारे ‘रॅट मायनर’ आत शिरले. ज्या पद्धतीच्या खाणकामावर हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली, त्याच हातांनी देशाची लाज राखली. हार घालून झाले, बातमी संपली. महिनोन्‌महिने त्या बोगद्यात त्यांच्या छातीत काय गेलं, हे एकाही अँकरने विचारलं नाही. आपणही विचारलं नाही, मित्रांनो.

मागे मराठवाड्यातल्या एका वस्तीत आरोग्य शिबिर लावलं होतं. पस्तिशीचा एक भाऊ आला. “ताई, टीबीचा कोर्स दोनदा झाला, पण दम काही जात नाही.” थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. काम काय करायचास? “बोगद्यात, ड्रिलवर. तिकडं डोंगरात.” कंपनी कोणती? त्याला फक्त मुकादमाचं नाव ठाऊक. हजेरीचा कागद नाही, छातीचा जुना फोटो नाही. त्याला नेमकं काय झालंय ते सांगायला जी नोंद लागते, ती कुणी ठेवलीच नाही. माझं भांडण त्या नोंदीसाठी आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वस्तीवरचे सिमेंटचे पत्रे येतात. पण ते कारखान्यात जन्मत नाही. तो दगडातला तंतू आहे. सर्पेंटाइनसारख्या हिरवट खडकांत त्याच्या शिरा असतात. खडक शांत आहे तोवर धोका कमी. ड्रिल फिरलं, सुरुंग उडाला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत येतात आणि बोगद्यात हवेला जायला जागा नसते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था याला खात्रीच्या कर्करोगकारकांत धरते. आजार दिसायला २०, ३०, कधी ४० वर्षं लागतात. ठेका आठ महिन्यांचा आणि आजार तीस वर्षांनी. ठेकेदाराला यापेक्षा सोयीचं विष कोणतं?

आपला सह्याद्री बहुतांश बेसॉल्टचा, तिथे ही भीती फारशी नाही. पण भंडाऱ्यात पवनीकडे आणि सिंधुदुर्गात कणकवलीजवळ क्रोमाइटसोबत सर्पेंटाइनच्या कुळातले खडक आहेत. राजस्थान, झारखंड, आंध्र, कर्नाटकात अ‍ॅस्बेस्टॉसचे साठेच आहेत. लडाख आणि मणिपूर-नागालँडचे पट्टेही याच कुळातल्या खडकांचे. आणि आपली पोरं मुकादमाच्या मागे कुठवर जातात हे मी सांगायला नको. चाईबासाजवळच्या रोरो टेकडीवरची अ‍ॅस्बेस्टॉसची खाण १९८३ मध्ये बंद झाली. मालक गेले, कचऱ्याचे ढीग हो आदिवासींच्या गावांच्या डोक्यावर ठेवून गेले.

“गोरे लोक नियम पाळतात” असं म्हणणाऱ्यांनी हॉक्स नेस्ट वाचावं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात १९३०-३१ मध्ये सुमारे ५ किलोमीटरचा बोगदा खणला गेला. खडक जवळजवळ शुद्ध सिलिकाचा. पाणी मारून ड्रिल केलं तर धूळ बसते, पण वेग मंदावतो, म्हणून कोरडंच ड्रिल केलं. कामगार बहुसंख्य काळे, दक्षिणेतून पोटासाठी आलेले. साहेब पाहणीला यायचे ते मास्क लावून. मरण पावलेल्यांचा आकडा नंतरच्या अभ्यासात किमान ७६४ निघाला. काम कुणाचं? युनियन कार्बाइडचं. हो, १९८४ च्या भोपाळचीच.

उपाय माहीत नाहीत असं अजिबात नाही. इटलीत जेनोआकडून निघणाऱ्या तेर्झो वालिको रेल्वेमार्गावर हिरव्या खडकांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे हे धरूनच काम करावं लागतं. खडकाचे नमुने तपासायचे, हवा मोजायची, तंतू सापडले की खोदकामाची रीत बदलायची. किलोमागे १ ग्रॅमहून जास्त अ‍ॅस्बेस्टॉस असलेला मलबा तिथे घातक कचरा ठरतो. आपल्याकडे मलबा जवळच्या नाल्यात.

हमखास ऐकू येणारं वाक्य: “मास्क देतो हो, हेच लोक घालत नाहीत.” साहेब, फडक्याच्या मास्कमधून हे तंतू आरपार जातात. आणि मास्क ही शेवटची पायरी आहे. आधी खडकाची तपासणी, मग पाणी, मग धूळ तोंडापाशीच ओढून घेणारे पंखे, मशिनला बंद केबिन. कपडे तिथेच धुवायला हवेत, कारण घरी बायको ते झटकते तेव्हा तंतू तिच्याही छातीत जातो. मीटरवर पैसे ठरवायचे आणि वर सांगायचं, सावकाश खणा!

कायदा? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचं आरोग्य हा कलम २१ चा, जगण्याचा हक्क मानला आणि आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपायला सांगितलं. पण तो निकाल अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी-कारखान्यांपुरता वाचला जातो. बोगदा म्हणजे ‘बांधकाम’. तंतू तोच, छाती तीच, फाईल वेगळी. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससह धुळीच्या आजारांसाठी मदतीचं धोरण केलं, पण आजार कामातून आला हे सिद्ध करताना गाडी पुन्हा कागदावरच अडते.

आपल्यातलेच काही विचारतात, हा आंबेडकरी चळवळीचा विषय आहे का? बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. १९४४ मध्ये कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी आला. आपण मात्र त्यांच्या पुतळ्याच्या उंचीवर भांडतो आणि खाणीत उतरलेला मजूरमंत्री जयंतीच्या बॅनरवर कधी येत नाही. मीही यात आले. माझ्याही भाषणांत तो नसायचा.

तर काम असं. तुमच्या जिल्ह्यात बोगदा, धरण, घाटरस्ता जे काही खणलं जातंय, तिथे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: खडकाच्या नमुन्यांचा तपासणी अहवाल, बोगद्यातली हवा मोजल्याच्या नोंदी, आणि कामगारांच्या छातीच्या तपासणीचं रजिस्टर. आणि वस्तीतल्या जो कुणी डोंगरात काम करून आलाय, त्याचं नाव, साल, जागा, मुकादम एका वहीत लिहून ठेवा. उत्तरं आली की पाठवा. नाही आली, तर अपील आपण मिळून करू.

जय भीम.