नाताळचे चॉकलेट डोनट : कढईवाचून



नाताळची सुट्टी लागली की मुलांच्या फर्माइशी सुरू होतात. दिवाळीचे डबे केव्हाच रिकामे झालेले असतात, आणि बेकरीच्या काचेमागची चॉकलेट माखलेली कडी येता-जाता दिसत असतात. “आई, घरी कर ना डोनट!” मग आई पीठ मळते, कढई चढवते आणि पुढचा तासभर ओट्यापाशी उभी राहते. बाहेर मंडळी गरम गरम खाताहेत, हसताहेत. हिच्या वाट्याला शेवटचे दोन, तेही गार झालेले. दिवाळीला, होळीला आपण हे करतोच. निदान नाताळात तरी नको! म्हणून आज ओव्हनमधले डोनट. एका ट्रेमध्ये सगळे एकदम होतात आणि तुम्हालाही चारचौघांबरोबर बसून खाता येतं.

आधीच एक सांगून ठेवते. डोनट हा मुळात तळायचाच पदार्थ. जर्मनीत वर्षअखेरच्या रात्री खातात ते जॅम भरलेले गोळे, हॉलंडात त्याच रात्री होणारे बेदाण्यांचे गोळे, इस्रायलमध्ये हनुक्काच्या सणातले, सगळे तेलातूनच निघतात. जशा आपल्या गोव्याच्या नाताळातल्या नेवऱ्या. तेव्हा भाजलेल्या डोनटला तळलेल्याची चव येईल अशी अपेक्षा ठेवू नका. हा आतून लोण्याच्या पावासारखा मऊ असतो, आणि तसाच तो छान लागतो. आणि हो, भाजला म्हणजे पथ्याचा झाला असंही नाही! लोणी आहे, साखर आहे, वर चॉकलेट आहे. तेल वाचलं, एवढंच.

साहित्य : पाव किलो मैदा, सपाट 3 मोठे चमचे साखर, 1 लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, अर्धा लहान चमचा मीठ, 1 अंडे, 130 मिलिलिटर दूध, 40 ग्रॅम लोणी. (लोणी खारे असेल तर वरचे मीठ घालू नये.) अंडे चालत नसेल त्यांनी दोन मोठे चमचे घट्ट दही आणि तेवढेच जास्तीचे दूध घ्यावे. एवढ्यात नऊ-दहा डोनट होतात.

दूध बोटाला सोसेल इतपतच कोमट हवे. यीस्ट हा जिवंत जीव आहे. कढत दुधाने तो मरतो आणि मग पीठ रात्रभर ठेवले तरी फुगत नाही. मैदा, साखर, मीठ, यीस्ट एकत्र करून त्यात अंडे व दूध घालावे आणि पीठ गोळा झाले की मऊ लोणी थोडे थोडे मळून घालावे.

आता खरी कसोटी. हे पीठ हाताला चिकटतं. अगदी पुरणपोळीच्या कणकेसारखं सैल वाटतं. आपल्या हातांना पोळीच्या घट्ट पिठाची सवय, त्यामुळे हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो. जाऊ देऊ नका! कढईत डोनट दोन-तीन मिनिटांत तळून निघतो; ओव्हनमध्ये त्याला दहा मिनिटे कोरडी धग लागते आणि तेवढ्या वेळात पिठातले पाणी उडते. पीठ मुळातच घट्ट असेल तर हाती येतो तो टोस्ट. तेव्हा चिकटले तरी दहा-बारा मिनिटे मळतच राहावे, हाताला हवे तर लोण्याचे बोट लावावे. पीठ हळूहळू तुकतुकीत होतं आणि परात सोडू लागतं.

मग झाकून ठेवावे. पुण्या-नाशकाकडच्या डिसेंबरात पीठ फुगायला दीड-दोन तासही लागतात. घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे, दुप्पट झाले की झाले. घाई असेल तर बंद, थंड ओव्हनमध्ये पिठाच्या शेजारी गरम पाण्याचे पातेले ठेवावे.

फुगलेले पीठ अर्ध्या इंचाइतके जाड लाटावे. डब्याच्या झाकणाने किंवा वाटीने गोल कापावेत, मधले भोक सोड्याच्या बाटलीच्या बुचाने पाडावे. भोक लहान पाडले तर फुगताना बुजून जातं. कापताना झाकण सरळ दाबावे, फिरवू नये. फिरवले की कडा चिकटतात आणि डोनट एका बाजूला कलतो. बटर पेपरवर अंतर राखून मांडून पुन्हा अर्धा-पाऊण तास झाकून ठेवावेत. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की ओव्हनमध्ये जायला तयार.

ओव्हन 180 अंशांवर आधीच तापवलेला हवा. दहा ते बारा मिनिटे पुरेत. फिकट सोनेरी रंग आला की काढाच. आणखी तांबूस होण्याची वाट पाहू नका. बाहेर येताक्षणी ब्रशने पातळ केलेले लोणी लावावे, म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो.

काहीजणी पिठातच कोको घालतात. घालायचा तर दोन चमचे मैदा काढून तेवढाच घालावा आणि दूध एक-दोन चमचे वाढवावे, कारण कोको पाणी फार पितो. पण तपकिरी पिठाचा रंग बदललेला कळत नाही आणि डोनट हमखास जास्त भाजला जातो. माझं मत विचाराल तर पीठ पांढरंच ठेवावं, चॉकलेटची हौस वरून भागवावी.

त्यासाठी 100 ग्रॅम काळे चॉकलेट बारीक चिरून त्यावर 60 मिलिलिटर गरम साय किंवा क्रीम ओतावे, दोन मिनिटांनी ढवळावे. नुसते चॉकलेट पातेल्यावर पातेले ठेवून वितळवत असाल तर वाफेचा एक थेंबही आत जाता कामा नये. थेंबभर पाण्याने त्यातली साखर ओलावते, गोळा बनते आणि चॉकलेट रवाळ घट्ट होऊन बसतं. झालंच तसं, तर फेकू नका. गरम दूध चमच्या-चमच्याने घालत जोराने ढवळा. पुन्हा तुकतुकीत होतं.

चॉकलेट घेताना वेष्टन वाचावे. कोको बटर लिहिले असेल ते खरे चॉकलेट. त्याऐवजी वनस्पती तूप असेल तर ते कंपाउंड. ते स्वस्त पडतं, पटकन घट्ट बसतं, पण टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. पंधरा मुलं येणार असतील तर कंपाउंड चालेल. घरच्यांपुरते करताना मात्र चार पैसे जास्त घालावेत.

डोनट पूर्ण निवल्यावरच बुडवावेत. भाजलेले डोनट त्याच दिवशी उत्तम. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार असतील तर चॉकलेट न लावता फ्रीझरमध्ये ठेवावेत, आणि त्या दिवशी बाहेर काढून, जरासे गरम करून, निवल्यावर लावावे. भोकांचे जे छोटे गोळे उरतात ते त्याच ट्रेच्या कोपऱ्यात ठेवा. ते सात-आठ मिनिटांतच होतात, म्हणून आधी काढा आणि लोणी लावून वेलदोड्याच्या पिठीसाखरेत घोळवा. ते मात्र मुलांना हाक मारण्यापूर्वी स्वतः खाऊन पाहावेत, गरम असतानाच.