वारा फुकट, पठार मात्र नव्हे

पावसाळा सरत आला की आमच्या महाविद्यालयाची एक सहल साताऱ्याकडे निघते. सज्जनगडाच्या पायथ्यावरून पुढे जायचे, ठोसेघरचा धबधबा पाहायचा आणि मग चाळकेवाडीच्या पठारावर चढायचे, हा ठरलेला मार्ग. शेवटचे वळण संपले की गाडीत एकच गलका होतो, "सर, पंखे आले!" समोर क्षितिजापर्यंत पवनचक्क्याच पवनचक्क्या उभ्या असतात. मुले त्यांच्याखाली उभी राहून फोटो काढतात, कणसे खातात आणि परत फिरतात.

एका वर्षी एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, हे पंखे नव्हते तेव्हा लोक इथे काय पाहायला येत होते?" मी सहज बोलून गेलो, "काही नाही. नुसता माळ होता." हे उत्तर चुकीचे होते. ते का चुकले, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

प्रथम पवनचक्क्यांची बाजू पाहू. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ती आवडणे साहजिकच आहे. वाऱ्यातून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ३० मीटर धरा. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस मीटर होईल. हवेची घनता सोयीसाठी घनमीटरला १ किलोग्रॅम मानली, तर सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात त्या वर्तुळातून सुमारे ४४ किलोवॉट शक्ती वाहते. वेग १० मीटर झाला की तीच शक्ती ३५३ किलोवॉटवर जाते. ती सगळी आपल्या हाती लागत नाही. कोणत्याही पवनचक्कीला त्यातील जास्तीत जास्त ५९ टक्केच काढून घेता येते, कारण वारा पूर्ण अडवला तर मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही. प्रत्यक्षात हाती येणारी शक्ती याहूनही कमी असते.

हा घनाचा नियम ध्यानात घेतला, की पवनचक्क्या नेमक्या पठारावर का उभारतात ते कळते. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात आणि वर चढताना माथ्यावर त्यांचा वेग वाढतो. वेगात थोडीशी वाढ झाली तरी विजेत मोठी वाढ होते. म्हणूनच गेल्या शतकाच्या अखेरीपासून चाळकेवाडी, वनकुसवडे या हजार मीटरहून उंच पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला सुमारे पाऊण किलो दगडी कोळसा जाळावा लागतो. तेवढा कोळसा वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. हवामान बदलते आहे, हे आता कोणी नाकारू शकत नाही. पवनचक्क्या नकोतच, असे म्हणणाऱ्याने रात्री दिवा कशावर लावायचा तेही सांगितले पाहिजे.

आता दुसरी बाजू. पवनचक्क्यांमुळे रानावनातील देखावा बिघडतो आणि पर्यटक पाठ फिरवतात, ही तक्रार जगभर ऐकू येते. ती कितपत खरी आहे? देखाव्याचा थोडा हिशेब आपल्याला मांडता येईल. पात्याच्या टोकापर्यंत ७५ मीटर उंच असलेली पवनचक्की ४ किलोमीटरवरून पाहिली, तर तिचा डोळ्याशी होणारा कोन एक अंशाहून किंचित जास्त भरतो. पौर्णिमेच्या चंद्राचा कोन अर्धा अंश असतो. म्हणजे दोन चंद्र एकावर एक ठेवावेत एवढी ती दिसते. शिवाय ती हलते, आणि हलणाऱ्या वस्तूकडे नजर आपोआप वळते. अशा शेकडो पवनचक्क्या डोंगरमाथ्यावर असतील, तर तिथल्या एकांतात फरक पडणारच. हे मान्य केले पाहिजे.

पण पर्यटक पळाले का? चाळकेवाडीत तर उलटेच झाले. लोक पंखे पाहायलाच येतात. शेजारचे आणखी एक उदाहरण पाहा. याच डोंगररांगेच्या पश्चिमेला शिवसागर जलाशय पसरला आहे. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणत लोक तिथे नौकाविहार करतात. तो निसर्गाने दिलेला तलाव नाही. १९६०च्या दशकात कोयनेचे धरण झाले, नदीचे खोरे आणि त्यातील गावे पाण्याखाली गेली, तेव्हा तो निर्माण झाला. आज तो पाहताना किती जणांना हे आठवते? एका पिढीला जी जखम वाटते ती पुढच्या पिढीला देखावा वाटू लागते. डोळ्याला सवय होते.

म्हणूनच मला वाटते, की पवनचक्क्यांनी रानाचे काय केले हे ठरवताना पर्यटकांची गर्दी हे माप धरू नये. गर्दी वाढली म्हणजे रान सुखरूप आहे असे नव्हे. कास पठाराचे उदाहरण घ्या. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासही होते. त्याची कीर्ती झाली, गाड्यांच्या रांगा लागल्या आणि फुले तुडवली जाऊ लागली. अखेर रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. तिथे रानाला जड झाले ते पर्यटकच.

मग माप कोणते? त्यासाठी खाली वाकून पाहावे लागेल. ही पठारे जांभ्या दगडाची आहेत. आपल्याकडे त्यांना सडा म्हणतात. खडकावर मातीचा थर जेमतेम काही बोटे असतो. उन्हाळ्यात सडा तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात त्यावर पाणी साचते. मातीत नायट्रोजन इतका थोडा, की सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून तो मिळवतात. गेंद, तेरडा, कंदीलपुष्प अशा कितीतरी वनस्पती दोन-तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. उरलेले आठ-नऊ महिने आपल्याला दिसतो तो 'नुसता माळ'. सरकारी भाषेत अशा जमिनीला पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटले की तिथे काहीही करायला आपण मोकळे होतो.

या 'पडीक' जमिनीवर २०१६ साली शास्त्रज्ञांनी सरड्याची एक नवी जात जगापुढे आणली. तिच्या प्रजातीला त्यांनी 'सरडा' हे आपले मराठी नावच दिले आहे. विणीच्या काळात नर गळ्याखालची कातडी पंख्यासारखी फुलवतो. निळा, काळा आणि नारिंगी अशा रंगांचा तो पंखा पाहिला, तर लोखंडी पंख्यांचा विसर पडावा.

याच सरड्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. खाणारे कमी झाल्यामुळे सरडे वाढले. त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी झाले होते, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. मात्र संख्या वाढल्याने अन्नासाठी चुरस वाढली आणि ते रोडावले. म्हणजे पवनचक्कीने सरड्याला हातही लावला नव्हता, तरी त्याचे जगणे बदलले होते. पक्षी तिथे का फिरकत नसतील? ३० मीटर व्यासाची पाती मिनिटाला ४० फेरे घेत असतील, तर त्यांची टोके ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने फिरतात. आपल्याला जे संथ वाटते ते घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याला संथ नाही. आपल्या डोळ्याला सवय झाली, कापशीला झाली नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. पवनचक्कीचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचे असते. साताऱ्याच्या पठारांवरील पहिल्या यंत्रांनी ते पुरे केले आहे. जुनी यंत्रे काढून त्या जागी मोठी उभारण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१६ साली आणले आणि २०२३ साली सुधारले. म्हणजे या पठारांबाबत पुन्हा निर्णय घेण्याची संधी आली आहे. अशी संधी क्वचितच मिळते.

येथे पुन्हा गणित मदतीला येते. व्यास ३० मीटरचा ९० मीटर केला तर पात्यांच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ नऊपट होते. दोन यंत्रांमधले अंतरही त्याच प्रमाणात वाढवावे लागते. त्यामुळे त्याच जागेत नऊऐवजी एकच यंत्र बसते, पण वीज निदान तेवढीच मिळते. उंचीवर वारा जोरदार असल्याने थोडी जास्तही मिळेल. अर्थात यंत्राची उंची दुप्पट झाली तर ते दुप्पट अंतरावरूनही तेवढेच दिसेल, म्हणजे चौपट प्रदेशातून ते नजरेत भरेल. देखाव्याचे नुकसान आणि जमिनीचा फायदा, असा हा सौदा आहे.

माझे मत विचाराल तर मी हा सौदा पत्करीन, पण काही अटींवर. नवी यंत्रे जुन्याच, आधी खणलेल्या जागी उभारावीत. काढून टाकलेल्या यंत्रांचे रस्ते मोडून टाकावेत आणि तिथे पुन्हा वर्दळ होऊ देऊ नये. लांबलचक पाती वर नेण्यासाठी अखंड सड्यावर नवे रुंद रस्ते फोडू नयेत. आणि ज्या सड्यावर अजून एकही खांब नाही, तो तसाच राहू द्यावा. यात थोडी वीज कमी मिळेल, खर्चही वाढेल. तो खर्च आपण सोसावा, कारण वारा पुढच्या आषाढातही येणार आहे, पण फोडलेला सडा परत बसवता येत नाही.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना पवनचक्की दाखवायला जरूर न्या. घनाचा नियम तिथेच शिकवा. मग पाऊण तास पाठ पंख्यांकडे करून बसा आणि पायाखालच्या एक चौरस मीटरमध्ये किती प्रकारच्या वनस्पती आहेत, डोक्यावर किती पक्षी फिरतात, हे वहीत टिपायला सांगा. दरवर्षी तीच जागा, तोच महिना. दहा वर्षांच्या नोंदी जमल्या तर निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवायला आपल्या हाती काहीतरी असेल.

आणि कोणी विद्यार्थ्याने विचारले, की पंखे नव्हते तेव्हा इथे काय होते, तर माझ्यासारखे उत्तर देऊ नका. त्याला खाली वाकून पाहायला सांगा.