भर दुपारी दिवे कशाला?

सूर्य माथ्यावर असताना मशाल घेऊन फिरणाऱ्या माणसाला आपण वेड्यात काढू. परंतु पडदे ओढून, सगळे दिवे लावून दुपारी चालणाऱ्या कचेरीत आपल्याला काहीच वावगे वाटत नाही. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे 1 लाख लक्स प्रकाश असतो; लिहिण्यावाचण्यास 300 ते 500 लक्स पुरतात. असे धन दारी असताना मुख्यतः कोळशापासून मिळणारी वीज दिव्यांत जाळणे हा अपव्ययच नव्हे, तर अविवेकही आहे.

याचे खापर केवळ माणसाच्या आळसावर फोडणे योग्य नाही. खिडकीपाशी प्रकाश मुबलक असतो, काही मीटर आत तो मंदावतो आणि ढग आला की सारेच बदलते. क्षणोक्षणी उठून दिवे कमीजास्त करणे कोणाला जमेल? येथे ठिकठिकाणी बसवलेले प्रकाश-संवेदक, म्हणजेच सेन्सर, उपयोगी पडतात. प्रत्येक संवेदक आपल्या भागातील प्रकाश मोजतो आणि जेवढी उणीव असेल तेवढेच तेथील दिवे उजळतात. दिव्यांची उष्णता घटल्याने वातानुकूलनाचा भारही हलका होतो.

तथापि, यंत्र बसवले म्हणजे काम संपले असे नाही. डोळ्यांवर तिरीप आली की माणसे पडदे ओढतात आणि ते दिवसभर तसेच राहतात. न्यूयॉर्क टाइम्सच्या 2007 साली पूर्ण झालेल्या इमारतीत म्हणूनच मंद होणाऱ्या दिव्यांना आपोआप वरखाली होणाऱ्या पडद्यांची जोड देण्यात आली. त्याआधी लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी इमारतीच्या एका भागाची पूर्णाकृती प्रतिकृती वापरून या यंत्रणेची परीक्षा घेतली होती. आधी पारखावे, मग बसवावे, हा धडा मोलाचा आहे.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे. लहान कचेरीला खिडकीलगतच्या दिव्यांसाठी वेगळे बटण, फिकट रंगाच्या भिंती आणि स्वच्छ काचा एवढेही पुरे. मोठ्या नव्या इमारतींना मात्र ही सबब चालू नये. आपल्या देशात ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 मध्ये आली आणि 2017 मध्ये ती सुधारण्यात आली. परंतु राज्यांनी अंमलबजावणी केली तरच तिला अर्थ आहे. इमारत एकदा उभी राहिली की तिच्या चुका कित्येक दशके विजेच्या देयकात उमटत राहतात. म्हणून प्रकाशाचा विचार पाया खोदण्यापूर्वीच व्हायला हवा.